“एअरपोर्टवर फक्त फिरायला चाललेय म्हण”

इंदूरच्या रामबागेतल्या एका 23 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: तिच्याकडे स्कूबा डाइव्हिंगमधलं, बुडणाऱ्याला वाचवायला शिकवणारं रेस्क्यू डाइव्हरचं सर्टिफिकेट आहे आणि लॉगबुकात 43 डाइव्ह. तिथल्याच एका एजंटने तिला थायलंडच्या को ताओ बेटावर तीन महिन्यांची ‘डाइव्हमास्टर इंटर्नशिप’ देऊ केली. डाइव्हमास्टर ही त्यापुढची, व्यावसायिक पायरी. राहणं फुकट, कोर्स फुकट, बदल्यात डाइव्ह सेंटरवर हवेच्या टाक्या भरायच्या, सामान धुवायचं आणि महिनाभराने पाहुण्यांना पाण्याखाली घेऊन जायचं, त्यावर कमिशन. तिने 1,40,000 रुपये यूपीआयने दिले, अजून 60,000 द्यायचे आहेत. तीन आठवड्यांनी मुंबईहून विमान आहे. व्हिसाचं विचारलं तर एजंटचा व्हॉट्सअॅप आला, “भारतीयांना व्हिसा लागत नाही. एअरपोर्टवर फक्त फिरायला चाललेय म्हण. मुदत संपत आली की मलेशियाला जाऊन परत ये.” तिला झोप लागेना. पैसे परत मागितले तेव्हा त्याने पावतीवरचं ‘नॉन-रिफंडेबल’ दाखवलं. पैसे आईच्या एफडीतले आहेत आणि आईला यातलं काही माहीत नाही.

तू मला ‘वकीलकाका’ लिहिलंस, म्हणून मीही तुला ‘तू’ म्हणतो.

उरलेले 60,000 पाठवू नकोस. एजंट म्हणेल की नाही पाठवले तर आधीचेही बुडतील. तरी पाठवू नकोस.

आता व्हिसा. एजंटचं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच ते फसवं आहे. 15 जुलै 2024 पासून भारतीयांना थायलंडमध्ये 60 दिवसांचा विनाव्हिसा प्रवेश सुरू झाला. ही मुदत बदलू शकते, म्हणून कुणीही तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. पण सवलत आहे ती पर्यटनासाठी. सुट्टीत जाऊन डाइव्ह करणं, पैसे भरून कोर्स करणं हे पर्यटकाचंच वागणं आहे, त्याला कुणी हरकत घेत नाही. पाहुण्यांना समुद्रात नेऊन त्यावर कमिशन घेणं हे काम आहे.

तुझा प्रश्न आहे, “पण मला पगार कुठे मिळणार आहे?” हा प्रश्न मला अनेक तरुण विचारतात, म्हणून जरा थांबून सांगतो. परदेशी माणसांच्या कामाबद्दल थायलंडचा 2017 चा अध्यादेश आहे, 2018 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यात काम म्हणजे कोणताही व्यवसाय करणं, मालक असो वा नसो. पगाराची अट त्यात नाही. तुला मिळणारी खोली, फुकट कोर्स आणि कमिशन हा तर मोबदलाच झाला. परवान्याशिवाय काम करताना सापडलीस तर 5,000 ते 50,000 बाथ दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही. शिवाय त्यांच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 37 आहेच: तात्पुरत्या मुक्कामावर आलेल्याने परवानगीशिवाय नोकरीधंदा करायचा नाही. डाइव्ह सेंटरच्या मालकालाही दंड होतो, पण तो भरून तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडेल. तुझं नाव मात्र इमिग्रेशनच्या नोंदीत राहील, आणि पुढे तुला ज्या क्षेत्रात काम करायचं आहे त्याला देशोदेशी फिरावंच लागतं.

थोडा धूसर भागही आहे, तो लपवत नाही. डाइव्हमास्टरच्या प्रशिक्षणात खऱ्या पाहुण्यांबरोबर सराव असतोच. 40 डाइव्ह झाले की कोर्स सुरू होतो आणि सर्टिफिकेटला 60 लागतात, मधले डाइव्ह असेच होतात. फी भरलेली विद्यार्थिनी इन्स्ट्रक्टरच्या शेजारी राहून, त्याच्या जबाबदारीवर शिकते आहे, एवढ्यावर मी ते शिकणं आहे असं ठामपणे मांडेन. पण एजंटने तुला दिलेल्या इंटर्नशिपच्या कागदावर ‘गेस्ट लीड करणे, कमिशन’ असं छापलंय. तो कागद हातात घेऊन मला तुझी बाजू मांडता येणार नाही. खरंच कामाला जायचं असेल तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट हा रस्ता आहे. त्यात डाइव्ह सेंटरलाही कागद द्यावे लागतात, परमिटवर मालकाचं नाव आणि काम लिहिलेलं असतं. जे सेंटर हे करायला तयार नाही, त्याला तू कायदेशीरपणे नकोच आहेस.

दुसरी गोष्ट खोटं बोलण्याची. ते तोंडी खोटं राहत नाही. 1 मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, त्यात प्रवासाचा उद्देश विचारलेला असतो. तिथे ‘सुट्टी’ तू स्वतःच्या हाताने भरणार, आणि एजंटचा इंटर्नशिपचा कागद बॅगेत सापडला तर दोन्ही समोरासमोर येतात. मुंबईचा आपला इमिग्रेशन अधिकारीही विचारेल. एकटी मुलगी, तीन महिने, तिकीट एजंटने काढलेलं. त्याला का विचारू नये? मार्च 2025 मध्ये वायुदलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेवरच्या थायलंडच्या माए सोतहून 549 भारतीय परत आणले. नोकरीचं आमिष दाखवून त्यांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं होतं. तुझं सेंटर तसलं आहे असं मी म्हणत नाही. पण ‘आधी टूरिस्ट म्हणून ये, बाकीचं इथे बघू’ हे वाक्य त्या मुलांनाही कुणीतरी ऐकवलं असणार, आणि ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

विम्याचं तू विचारलं नाहीस. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबासारखे खेळ वेगळे पैसे भरल्याशिवाय धरतच नाहीत, आणि बेकायदा काम करताना झालेला अपघात नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. डीकम्प्रेशनचा त्रास होऊन, म्हणजे घाईने वर आल्यावर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन, दाबाच्या चेंबरमध्ये उपचार घ्यावे लागले तर ते बिल आईच्या उरलेल्या एफडीवर येईल.

आता पैसे. ‘नॉन-रिफंडेबल’ या शिक्क्याला घाबरू नकोस. एजंटने बेकायदा गोष्ट कायदेशीर म्हणून विकली. करार कायदा, 1872 च्या कलम 19 प्रमाणे फसवून किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती तुला मागे घेता येते. कराराचा हेतूच बेकायदा असेल तर कलम 23 प्रमाणे तो करार राहत नाही, आणि करार रद्दबातल असल्याचं कळल्यावर मिळालेला फायदा परत करावा लागतो, हे कलम 65. पण इथे एक धोका आहे. सगळं माहीत असून जो त्यात सामील होतो त्याला न्यायालय सहसा मदत करत नाही. त्याच्या मेसेजला तू ‘ओके’ लिहिलंयस. त्या ‘ओके’नंतर तुला खरं कळलं आणि तू लगेच माघार घेतलीस, हे दिसायला हवं. म्हणून पत्र आजच जायला हवं. विमानात बसल्यावर ही बाजू फार कमकुवत होईल.

पत्रात लिही: कामासाठी परमिट लागतं हे सांगितलं नाही, इमिग्रेशनला खोटं सांगायला लावलं, म्हणून करार रद्द, 15 दिवसांत 1,40,000 परत. स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलनेही पाठव. चॅट पुसू नकोस, फोन बदलू नकोस. पुढे चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, तेव्हा मूळ फोन कामाला येतो. उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार कर, मग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे पावतीवर ‘फक्त मुंबई न्यायालय’ लिहिलं असलं तरी हरकत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही, मुदत दोन वर्षं. एक बारकावा: तक्रारीत ‘अन्याय्य करार’ हा मुद्दा मुख्य करू नकोस, ते प्रकरण राज्य आयोगाकडे, म्हणजे भोपाळला जातं. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा असंच मांड.

तो परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवत असेल तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. त्या कायद्यात हॉटेल आणि तत्सम सार्वजनिक ठिकाणची सेवा येते. डाइव्ह सेंटर त्यात बसतं, असा युक्तिवाद मी करेन. नोंदणी नसेल तर पत्रात ती ओळ जरूर घाल. फसवणुकीची पोलीस तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, सध्या राखून ठेव.

विमानाचं तिकीट वेगळं रद्द कर. भाडं बुडालं तरी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं.

उरलेले 17 डाइव्ह आणि डाइव्हमास्टरचा कोर्स अंदमानातल्या स्वराज द्वीपवर होतो, पुदुच्चेरीलाही होतो. तिथे फी भरावी लागेल, पण कुठल्याही खिडकीवर उद्देश बदलून सांगावा लागणार नाही. पत्राचा मसुदा लिहून झाला की पाठवण्याआधी मला दाखव. आणि पोचपावती घरी येईल तेव्हा दार बहुतेक आईच उघडेल, त्याआधी तिला तू स्वतः सांग.