खांदा दुखूलालाय

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्या बाईला ब्लॉक (नसांजवळ औषध टोचून भाग बधिर करणं) चांगला बसला, औषध पसरताना सोनोग्राफीवर दिसलंही, तरी ती रात्रभर कण्हली, म्हणून तू खट्टू आहेस. ती हात नेमका कुठे लावत होती?

सुरुवातीच्या काळात खानापूरकडची एक मावशी मला भेटली होती. मी सारखा तिचं पोट चाचपायचो आणि ती म्हणायची, "पोट न्हवं ओ, खांदा दुखूलालाय." टेबलावर हात अवघडला असेल म्हणून मी सोडून दिलं. चूक माझीच. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चुरचुरतं, त्याची फ्रेनिक नस मानेतून, मणक्यातल्या सी ३ ते सी ५ या नसांमधून येते, म्हणून कळ खांद्यावर उमटते. पोटाच्या भिंतीतला ब्लॉक तिथे काय करणार? पोर्ट, म्हणजे दुर्बीण घालायच्या नळ्या, काढण्याआधी गॅस नीट काढून टाका, हे सर्जनला न लाजता सांगत जा.

टॅप ब्लॉकने, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडून, पोटाची भिंत बधिर होते. तीही कुठली, ते सुई कुठे घातलीस त्यावर. कमरेच्या बाजूने दिलास तर गुण मुख्यतः बेंबीखाली, आणि तुझे पोर्ट तर बरगडीखाली. इथे सबकॉस्टलच, म्हणजे बरगडीच्या कडेखाली दिलेलाच, हवा. लिव्हरखालची आतली कळ तरीही उरतेच. २०१६ साली आलेला, पाठीत मणक्याशेजारच्या स्नायूखाली द्यायचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक तिच्यावरही चालतो म्हणतात. माझा अनुभव कधी असा, कधी तसा. पॅरासिटामॉल मात्र घड्याळ बघून द्यायचं, पेशंट ओरडायची वाट बघायची नाही.

आता हिशेब. आपल्याकडे ४२ किलोच्या बायका काही कमी नाहीत. बधिर करायचं औषध, पाव टक्का ब्युपिव्हॅकेन, दोन्हीकडे वीस-वीस मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम. किलोला २ मिलिग्रॅम धरले तर तिला ८४ च चालतात! वर सर्जन पोर्टच्या जागी दहा मिली टोचतो, ते कोण मोजतं? तूच मोज. हे औषध अंगात जास्त झालं तर उतारा म्हणून लागणारी २० टक्के लिपिडची बाटली कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे, हे सुई हातात घेण्याआधी विचार.

सकाळी राउंडला त्या बाईला खोकायला लाव. कन्नड बोलणारी असेल तर "एल्ली नोव आगतैत्री?" (कुठे दुखतंय?) विचार आणि तिचा हात कुठे जातो ते बघ. मग मला फोन कर.

तुझा,
सर