हिरोईन प्रत्येक फाईट जिंकते, तरी मैत्रीण बोअर का झाली?

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे आणि टीनेजर मुलामुलींसाठी एक कादंबरी लिहितेय. गुप्त रक्षकांचा एक गट आहे, हिरोईन १५ वर्षांची, तिच्यावर एका लहान मुलाला जपायची जबाबदारी येते आणि त्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही. ११ चॅप्टर झालेत, जवळपास प्रत्येकात फाईट नाहीतर पाठलाग आहे, तरी मैत्रीण म्हणते पाचव्यानंतर कंटाळा आला. अजून मोठी फाईट टाकू का? आणि हिरोईन घरी काहीच का सांगत नाही हे पण कुणाला पटत नाहीये.

उत्तर : अगं, अजिबात टाकू नकोस, आहेत त्यातल्याच निम्म्या काढ. आयडिया छान आहे तुझी, मला मनापासून आवडली, पण तू लिहितेयस लढवय्यीची गोष्ट आणि नाव दिलंयस रक्षक. लढणाऱ्याला समोरच्याला हरवायचं असतं, रक्षकाला फक्त मागे उभ्या असलेल्याला तिथून सुखरूप काढायचं असतं.

३० मार्च १९८१ चं बघ. वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलबाहेर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोर पत्रकारांच्या घोळक्यात उभा होता. अध्यक्षांच्या रक्षकांपैकी टिम मॅकार्थी हा एजंट हातपाय पसरून मध्ये उभा राहिला आणि त्याने गोळी स्वतःच्या अंगावर घेतली, दुसरे रक्षक जेरी पार यांनी रेगनना गाडीत ढकललं आणि गाडी सुटली व्हाईट हाऊसकडे. पारनी रेगनचं अंग चाचपलं, रक्त कुठेच लागेना, रेगनना वाटलं ढकलल्यामुळे बरगडीच मोडली असेल. मग त्यांच्या ओठांवर लालभडक, फेसाळ रक्त दिसलं. तसं रक्त म्हणजे फुफ्फुसाला इजा, हे पारना माहीत होतं, त्यांनी गाडी तिथूनच हॉस्पिटलकडे वळवली आणि रेगन वाचले. या दोघांनी हल्लेखोराला हात पण लावला नाही, त्याला इतरांनी पकडलं! सगळं थ्रिल त्या ओठांवरच्या रक्तात आणि गाडी वळवण्यात आहे की नाही सांग. आणि हेच पार लहानपणी एक सिनेमा बघून या नोकरीकडे ओढले गेले होते, त्यात एजंटचं काम कुणी केलं होतं तर तेव्हा नट असलेल्या रेगननीच. म्हणून म्हणते, अशा गोष्टी मन लावून लिहायच्या, वाचणारं पोर त्या कुठे घेऊन जाईल काय माहीत.

आता तुझा एखादा सीन घे. मैदानावर तो मुलगा खेळतोय, बुटाची लेस सुटलीये. कडक उन्हात एक माणूस जाड कोट घालून उभा, एक हात खिशातच. ती चेहरा बघत नाही, हात बघते. ओरडली तर गुपित फुटणार, नाही ओरडली तर उशीर होईल, मग ती मुलाला म्हणते, थांब रे लेस बांधते, आणि त्या निमित्ताने त्याला भिंतीच्या आड घेते. तो माणूस निघून जातो. खरंच धोका होता का, हे तिलाही कळलेलं नाही. असं एक पान लिही आणि मैत्रिणीला दे वाचायला.

गुपिताचं म्हणशील तर त्याची किंमत दाखव. ती खोटं बोलते, बाबांना ते कळतं, ते रागवत नाहीत पण विचारायचंच सोडून देतात, हे कुठल्याही फाईटपेक्षा जास्त लागतं. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, 'घरी सांगायचं नाही' हा नियम तिने निमूट मानू नये. खऱ्या आयुष्यात मुलांना असं बजावणारी माणसं बहुतेक वेळा वाईट हेतूनेच बजावतात आणि तुझे वाचक बारा-तेरा वर्षांचे पण असणार. तिने गटाला खडसावून विचारू दे की का नाही सांगायचं, उत्तर पटलं नाही तर भांडू दे, आणि अर्ध्या पुस्तकापर्यंत विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला तिने स्वतःहून सांगितलेलं असू दे. प्लॉट ढिला पडत नाही त्याने, उलट तो माणूसही आता धोक्यात आलेला असतो!

प्रश्न : माझा १२ वर्षांचा मुलगा दिवसभर हीच गुप्त रक्षकांची पुस्तकं वाचतो, बंद करू का?

उत्तर : नका हो करू, वाचतोय ना! त्यातलं एक तुम्ही पण वाचा आणि त्याला विचारा, हिरोच्या जागी तू असतास तर आम्हाला सांगितलं असतंस का? नाही म्हणाला तर रागावू नका, का नाही ते विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या.