मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही कुठे असाल?

‘नोकरी पक्की झाली, व्हिसा आला, तिकिटंही बघून ठेवली आहेत. फक्त राहायचं कुठे हे काही केल्या ठरत नाही. चुकीचा भाग निवडला तर?’ परदेशी निघालेली माणसं ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांच्याजवळ माहितीची कमतरता नसते. नकाशे, शाळांची क्रमवारी, गुन्ह्यांचे आकडे, भाड्यांचे तक्ते, गल्लीबोळातून फिरवून आणणारे व्हिडिओ असं सगळं त्यांनी पालथं घातलेलं असतं. निर्णय मात्र जागचा हललेला नसतो.

अशाच एका जोडप्याची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा पुसून. देश कोणता ते सांगत नाही. त्याने फरकही पडत नाही, कारण हे भांडण मी बऱ्याच वेगवेगळ्या देशांच्या नावाने ऐकलं आहे.

त्याची कंपनीने बदली केली होती. ती फिजिओथेरपिस्ट, बरीच वर्षं जम बसलेली. तिला तिथे काम करायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण तिची पदवी तिथल्या यंत्रणेकडून मान्य करून घ्यायला आणि भाषेची परीक्षा द्यायला वेळ लागणार होता. सोबत पहिलीतली मुलगी.

पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. एक्सेलमध्ये प्रत्येक भागाला गुण दिलेले. पहिल्या क्रमांकावर होतं शहराबाहेरचं एक उपनगर, रेल्वेचं जवळजवळ शेवटचं स्टेशन. मोठं घर, मागे बाग, नावाजलेली शाळा, गुन्हे नगण्य. बऱ्याच खाली होता शहराचा जुना भाग. तिथे छोटा फ्लॅट, वर्दळीचा रस्ता, बाहेरून आलेल्या लोकांची वस्ती आणि शाळा यथातथाच. उपनगर सरळसरळ जिंकत होतं. ती म्हणत होती, ‘मला ते नको.’ का नको? ‘माहीत नाही. नको वाटतं.’

तो वैतागून म्हणाला, ‘मॅडम, हिला कारणच सांगता येत नाही. मग मी काय करायचं?’

मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि दोघांनाही एकच काम दिलं. तिथे जाऊन तीन महिने झाले आहेत, थंडी आहे, मंगळवार आहे. उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तासातासाने सांगा. मंगळवार एवढ्यासाठी, की सुट्टीचा दिवस सगळ्यांना रंगवता येतो.

त्याचा मंगळवार भराभर निघाला. ट्रेन, ऑफिस, मीटिंग, सहकाऱ्यांबरोबर जेवण, परतीची ट्रेन, मुलीचा अभ्यास. मग ती बोलू लागली. उठणं, डबा, मुलीला शाळेत सोडणं, घरी येणं. ‘नऊ वाजले,’ ती म्हणाली आणि थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आवरेन. मग अकरा वाजतील.’ पुढे तिला काही सुचेना. उपनगरात दुकान चालत जाण्यासारखं नव्हतं. गाडी एकच घ्यायची असं ठरलेलं, आणि तिथला परवाना तिच्याकडे नव्हता. भाषेचा वर्ग शहरात. म्हणजे शाळा सुटेपर्यंत ती, घर आणि बाग.

तक्त्यात ‘ऑफिसला लागणारा वेळ’ असा रकाना होता, ‘मुलीची शाळा’ असा होता. तिच्या दिवसासाठी एकही नव्हता. त्याने तो मुद्दाम वगळला नव्हता. नोकरी आणि शाळा यांना पत्ता असतो, म्हणून त्यांची अंतरं मोजता येतात. जिचा दिवस अजून कुठे बांधलेलाच नाही, तिच्यासाठी नकाशात टाचणी कुठे लावणार?

यावर तो जे म्हणाला ते बहुतेक जण म्हणतात: ‘ही बोलकी आहे. कुठेही मैत्रिणी करेल.’ बोलकेपणावर माझा फारसा भरवसा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुणाची कुणाशी मैत्री जमते ते तपासलं होतं. १९५०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मैत्रीचा धागा दारांच्या अंतराशी घट्ट जुळलेला दिसला. शेजारच्या दारातले लोक मित्र होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख, कारण येणारे-जाणारे त्यांच्या दारावरूनच जात. बोलक्या माणसालाही समोर कुणीतरी यावं लागतं. ज्या भागात सगळे गॅरेजमधून गाडी काढून थेट निघून जातात, तिथे ते होत नाही.

बाग, जादाची खोली, शांतता यांचं मोल मी नाकारत नाही. पण लांबून बघताना एक गफलत होते. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना विचारलं, की तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, आणि काहींना, की इकडचा किंवा तिकडचा तुमच्यासारखा माणूस किती समाधानी असेल. दोन्हीकडचं समाधान सारखंच निघालं. तरी दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातला माणूस जास्त सुखी असणार. हवा छान म्हणून. बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेत जो फरक भरतो, त्याला तो अवाजवी महत्त्व देतो. तिथे राहणारा दिवसभर हवेकडे बघत बसत नाही. बागेचं तेच.

आता खरी अडचण. पुढच्या भेटीत ती एकटी आली. घराचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत बदलीवर आला. त्याला बदलीचं विचारलं गेलं तेव्हा त्याने ‘हो’ म्हणून घरी येऊन सांगितलं होतं. तिनेही ‘छान’ म्हटलं होतं, घरच्यांनी अभिनंदन केलं होतं, आणि जायचं की नाही ही चर्चा कधी झालीच नव्हती. आपलं काम सोडावं लागणार म्हणून वाईट वाटतंय, हे म्हणायला जागा उरली नव्हती. सगळे खुशीत असताना ती एकटी तोंड पाडून कशी बसणार? मग जो एक निर्णय अजून उघडा होता, त्यावर सगळा राग येऊन साचला. उपनगराला ‘नको’ म्हणता येत होतं, बदलीला म्हणता आलं नव्हतं.

माझ्या कामात हे वारंवार दिसतं. कुठे राहायचं यावर जोडपी आठवडेच्या आठवडे अडून बसतात, तेव्हा मी एकदा तरी विचारते, ‘जायचं कुणी ठरवलं?’ उत्तर यायला वेळ लागला, तर घरांच्या याद्या मिटवून आधी त्यावर बोलावं लागतं. याही दोघांचं एक अख्खं सत्र त्यातच गेलं. तो आधी बचावाला उभा राहिला, ‘तू तेव्हा काही म्हणाली नाहीस.’ नंतर गप्प झाला. मग त्यानेच विचारलं, की तुझं काम लवकर सुरू व्हायचं असेल तर आपण कुठे राहायला हवं? हा प्रश्न त्याला महिनाभर आधी सुचला असता तर माझी गरज पडली नसती, पण असो.

त्यानंतर दोघांत राहिलेला वाद वेगळा होता. जुन्या भागात आपल्याकडचे बरेच लोक होते. तिला तो आधार वाटत होता. त्याला वाटत होतं, तिथे राहिलो तर आपण नव्या देशात मिसळणारच नाही, मुलगीही कोषात वाढेल. दोघांचंही अर्धं बरोबर. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांची मांडणी अशी, की आपली संस्कृती धरून ठेवणं आणि नव्या समाजात वावरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाला ‘हो’ म्हटलं म्हणजे दुसऱ्याला ‘नाही’ असं नसतं, आणि साधारणपणे दोन्हींना ‘हो’ म्हणणारे बरे रुळतात. म्हणून वस्तीत आपले लोक किती हे मोजत बसण्यापेक्षा मी विचारते, की तिथून चालत जाण्यासारखं असं काय आहे जिथे सगळ्या प्रकारची माणसं येतात? ग्रंथालय, मैदान, भाषेचा वर्ग, पोहण्याचा तलाव. आपली माणसं थोडी लांब असली तरी आठवड्याला भेटता येतात. रोजचं जे आहे ते पायांच्या टप्प्यात हवं.

शेवटी त्यांनी दोन्ही सोडून तिसरंच केलं. त्याच रेल्वेमार्गावर, मध्यावर, स्टेशनजवळचा छोटा फ्लॅट, कमी मुदतीच्या करारावर. करार सहीआधी नीट वाचा, हे मी फार आग्रहाने सांगते. मुदतीआधी सोडायचं झालं तर नोटीस किती, दंड किती, डिपॉझिट कशावर अडेल. घर कुणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका, कारण नुसते फोटो दाखवून डिपॉझिट उकळणारे ठग नवख्यांनाच हेरतात. शिवाय घरमालक बऱ्याचदा तिथल्या पगाराच्या पावत्या किंवा उधारी फेडल्याचा इतिहास मागतात, जो नव्या माणसाकडे नसतो. म्हणजे तक्त्यातलं पहिल्या क्रमांकाचं घर तुम्हाला कुणी देईलच असंही नाही.

पहिलं घर तात्पुरतं धरायला आणखी एक कारण आहे. १९५५मध्ये नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांच्या अनुभवांवर लिहिलं. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळातले लोक कमी रुळलेले दिसले. पुढच्या संशोधनात हा चढउतार सगळ्यांच्या बाबतीत आढळला नाही, त्यामुळे त्याचं वेळापत्रक करू नये. पण पहिल्या नवलाईत घर विकत घेऊ नका आणि मधल्या उदासीत ‘हा भागच वाईट’ म्हणून गाशा गुंडाळू नका, एवढं मी सांगतेच.

त्यांचं सगळं सुरळीत झालं असं नाही. वर्षभराने त्यांनी पुन्हा घर बदललं, शाळा बदलली आणि मुलीने त्यावरून चांगलाच थयथयाट केला. तिची जिवलग मैत्रीण जुन्या शाळेत राहिली. तात्पुरत्या घराची ही किंमत मुलं मोजतात, आणि मूल जितकं मोठं तितकी ती जास्त. चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल किंवा मुलाला शाळेत खास मदत लागणार असेल, तर मी उलटा सल्ला देते: आधी शाळा ठरवा, मग घर. बऱ्याच ठिकाणी सरकारी शाळेतला प्रवेश पत्त्यावर ठरतो, त्यामुळे त्या शाळेची हद्द कुठवर आहे ते आधी विचारून घ्या.

तिची भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. आता ती एका दवाखान्यात अर्धवेळ काम करते. तो अधूनमधून बागेची आठवण काढतो, असं तिने कळवलं आहे.

ज्यांना लांबूनच निवडायचं आहे, त्यांनी त्या भागात दोनेक वर्षांपूर्वी राहायला आलेला कुणीतरी शोधावा. भाग कसा आहे, असं विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, की पहिल्या हिवाळ्यात घरात कुणी आजारी पडलं तेव्हा तुम्ही कुणाला फोन केलात, आणि तो माणूस तुम्हाला कुठे भेटला होता?