ईडिपसच्या नशिबात सगळं आधीच लिहिलेलं होतं, मग त्याचा दोष काय?

प्रश्न आहे ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘ईडिपस’ या नाटकाबद्दल. प्रश्नकर्त्यांचं म्हणणं असं: नकळत झालेला बापाचा खून आणि आईशी लग्न हे जन्माआधीच ठरलेलं होतं, तर ईडिपसला शिक्षा कसली? आणि ‘अहंकारामुळे त्याचा नाश झाला’ असं जे शिकवतात ते खरं का?

दोष नाही. हे खुद्द ईडिपसच म्हणतो, फक्त दुसऱ्या नाटकात. सोफोक्लीजने अगदी म्हातारपणी ‘ईडिपस ॲट कोलोनस’ लिहिलं. तो गेल्यावर, इ.स.पू. 401 मध्ये, त्याच्या नातवाने ते रंगभूमीवर आणलं. त्यात आंधळा, परागंदा ईडिपस अथेन्सच्या वेशीशी येऊन टेकलेला असतो. मेहुणा क्रिऑन चारचौघांत त्याचं जुनं पाप उगाळायला लागतो, तेव्हा म्हातारा फाडकन विचारतो: आत्ता, इथं, तुझ्या जिवावर कुणी उठला तर तू आधी काय करशील? ‘आपण माझे तीर्थरूप तर नाही ना?’ अशी चौकशी, की उलटा वार? क्रिऑनकडे यावर उत्तर नसतं.

तेव्हा ‘गर्वाचं घर खाली’ हे गाइडबुकातलं उत्तर बाजूला ठेवा. ते काळाच्या हिशेबातच बसत नाही. ईडिपसचा बाप, थीब्जचा राजा लायस, याला डेल्फीच्या मंदिरातल्या अपोलो देवाचं भाकीत मिळालं तेव्हा ईडिपस जन्मलाही नव्हता. जो माणूस अजून नाही त्याच्या गर्वाची शिक्षा कशी होणार? बरं, लायसचं काही पूर्वपाप होतं म्हणावं, तर सोफोक्लीज ‘ईडिपस’मध्ये त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्याकडे अशा वेळी मागच्या जन्मीचं काहीतरी काढून खातं जुळवता येतं. इथे ती सोय नाही. ॲरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’त ईडिपसचं नाव घेतलं ते दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या चुकीमुळे संकटात सापडलेल्या मोठ्या माणसाचा नमुना म्हणून.

मग नाटक आहे कशाबद्दल? माझं मत विचाराल तर ते भाकिताबद्दल नाहीच. नाटक सुरू होतं तेव्हा भाकीत खरं होऊन कित्येक वर्षं लोटलेली आहेत. बाप मेलाय, आईशी संसार झालाय, चार मुलं झालीत. बाकी आहे ते एवढंच: त्याला हे कळणं. आणि तुझा बाप तुझ्या हातून मरेल असं सांगणाऱ्या डेल्फीने ‘तुला हे एक दिवस कळेल’ असं कधीच सांगितलेलं नव्हतं. थीब्जमध्ये साथ येते, लायसचा खुनी शोधून बाहेर काढा असा देवाचा निरोप येतो, इथपर्यंत ठीक. पुढे एकेक साक्षीदार बोलावणं, उलटतपासणी घेणं, गप्प बसू पाहणाऱ्याला दरडावणं, हे सगळं त्याचं स्वतःचं आहे. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस भांडणाच्या भरात ‘तू आंधळा होऊन जाशील’ म्हणतो खरा, पण कुणी त्याला डोळे फोड म्हणून हुकूम सोडत नाही. शेवटी ईडिपसच ही वाटणी स्पष्ट करून सांगतो: हे भोग अपोलोने आणले, पण डोळ्यांवर पडलेला हात माझाच.

यात सोफोक्लीजची करामत कुठे दिसते ते सांगतो. टायरेसिअसने ‘खुनी तूच’ म्हटल्यामुळे ईडिपस भडकलेला आहे. त्याला शांत करायला राणी जोकास्टा, म्हणजे त्याची बायको आणि खरं तर आई, म्हणते, भविष्यवाल्यांचं काय मनावर घ्यायचं? लायसलाही सांगितलं होतं की मुलाच्या हातून मरशील. मुलाला तर आम्ही तिसऱ्या दिवसाच्या आत, पाय जखडून, डोंगरावर टाकून दिलं. आणि लायसला मारलं लुटारूंनी, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर.

तिला सांगायचंय ‘भाकितं खोटी असतात’. त्याच्या कानात मात्र एकच शब्द अडकतो: तिठा. कुठला तिठा? कधी? राजा दिसायला कसा होता? बरोबर किती माणसं होती? अनेक वर्षांपूर्वी अशाच तिठ्यावर रथातल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात पराणी हाणली होती आणि त्याने काठीच्या एका फटक्यात म्हाताऱ्याला खाली लोळवलं होतं. दिलासा द्यायला बोललेल्या वाक्यानेच तपासाची दिशा फिरते. पुढे कोरिंथचा, म्हणजे ईडिपस राजपुत्र म्हणून वाढला त्या गावचा, निरोप्याही असाच. तुझा बाप पॉलिबस वारला, आता भीती कसली, आणि आईचीही भीती नको, कारण तू त्यांचा मुलगाच नव्हेस! बिचारा आनंदाची बातमी म्हणून सांगतोय.

अहंकार येतो तो इथे. ईडिपसला अभिमान आहे बुद्धीचा, आणि तो उगाच नाही. टायरेसिअसला तो सरळ टोमणा मारतो: कोडं घालणारी राक्षसी स्फिंक्स गावाचा जीव घेत होती तेव्हा पक्ष्यांवरून शकुन सांगायची तुझी विद्या कुठे गेली होती? कोडं सोडवलं ते मी, डोकं चालवून. खरंच आहे ते. ज्या हट्टाने त्याने गाव वाचवलं, त्याच हट्टाने तो आता स्वतःला उघडा पाडतो. जोकास्टाला सगळं उमगतं, ती ‘पुरे कर’ म्हणून गयावया करते, आणि हा समजतो, मी हलक्या कुळातला निघेन म्हणून राणीसाहेबांना लाज वाटतेय. गुण काढून टाकला तर दोषही जाईल, पण मग ईडिपसच उरत नाही. (याच माणसाने थोड्या वेळापूर्वी पुराव्याशिवाय मेहुण्याला ठार मारायला काढलं होतं, तेही विसरू नका. अगदी गरीब गाय नव्हे.)

‘अहंकारातून जुलमी राजा जन्मतो’ ही ओळ या नाटकातलीच, म्हणून लोक तिला नाटकाचं सार समजतात. पण ती कोरस, म्हणजे थीब्जच्या म्हाताऱ्यांचा गाणारा समूह, म्हणतो, राजाराणी भाकितांची टवाळी करत असताना. त्याच गाण्यात पुढे तो म्हणतो की ही भाकितं खरी ठरणार नसतील तर मी डेल्फीला जाऊ कशाला, नाचू तरी कशाला? राजावर जीव असलेल्या म्हाताऱ्यांना भाकीत खरं होण्यापेक्षा ते खोटं ठरण्याची भीती जास्त वाटते. अथेन्सच्या प्रेक्षकालाही तसंच वाटत असावं.

होमरच्या महाकाव्यांत हिशेब थोडा मोकळा आहे. ‘ओडिसी’च्या सुरुवातीलाच देवांचा राजा झ्यूस कुरकुरतो की माणसं सगळा दोष आम्हाला देतात, पण स्वतःच्या मूर्खपणाने नशिबात होतं त्याहून जास्त ओढवून घेतात. उदाहरण देतो एजिस्थसचं: देवांचा दूत हर्मीसला पाठवून बजावलं होतं, तरी त्याने अगामेम्नॉन राजाला मारून त्याच्या बायकोशी लग्न केलंच. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस, त्याच्यापुढे तर ‘इलियड’च्या 9व्या सर्गात चक्क दोन नशिबं आहेत: ट्रॉयला थांबलास तर मरण आणि अक्षय कीर्ती, घरी गेलास तर लांब आयुष्य. 18व्या सर्गात आई सांगते, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर मेला की लगेच तू. तो म्हणतो, मग आत्ताच मरण येऊ दे.

‘अहंकाराने नाश’ हा साचा वापरायचाच असेल तर तो हेक्टरला बसतो. गरुडाच्या तावडीतला साप सुटून सैन्यात पडतो, त्याचा साथीदार पॉलिडेमस म्हणतो अपशकुन आहे, मागे फिरू. हेक्टर म्हणतो, एकच शकुन खरा, देशासाठी लढणं. उत्तर झकास आहे. पण अकिलीस रणात परतल्याच्या रात्री तोच पॉलिडेमस ‘तटाच्या आत चला’ म्हणतो, तेव्हाही हेक्टर ऐकत नाही आणि सैन्य वाहवा करतं. होमर लगेच सांगून टाकतो की अथीनी देवीने त्यांची अक्कल काढून घेतली होती. विनाशकाले विपरीत बुद्धी, पण बुद्धी विपरीत झालेल्याचा हिशेबही माफ होत नाही. 22व्या सर्गात आईबाप तटावरून आत ये म्हणून टाहो फोडतात आणि हेक्टर बाहेर थांबतो, कारण आत गेलो तर पहिलं बोलणं पॉलिडेमसचं ऐकावं लागेल. माझ्या हट्टापायी माणसं मेली, हे त्याला पक्कं कळलेलं आहे.

देव आणि माणूस यांच्यातली ही भागीदारी सगळ्यात थोडक्यात सोफोक्लीजच्या आधीच्या एस्किलस या नाटककाराने मांडली आहे. ग्रीकांनी पर्शियाला हरवलं त्या सालामिसच्या आरमारी लढाईनंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. 472 मध्ये, त्याचं ‘पर्शियन्स’ नाटक झालं. त्यात पर्शियाचा मेलेला राजा डरायस याचं भूत म्हणतं की भाकितं मला ठाऊक होती, पण ती फार उशिरा खरी होतील असं वाटलं होतं. माणूस स्वतःच घाई करायला लागला की देवही हातभार लावतो. बोलणं चाललंय पोराबद्दल, ग्रीसवर चालून जायला हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधणाऱ्या झर्क्सीसबद्दल.

वाचायचं असेल तर आधी ‘ईडिपस’ एका बैठकीत वाचा, आणि त्याला ‘आता थांब’ म्हणणारे कोण कोण आहेत तेवढं मोजत जा. मग ‘इलियड’चा 22वा सर्ग. ‘कोलोनस’ सगळ्यात शेवटी.