वायगेओला पहिल्यांदा जाताना

इंडोनेशियातील वायगेओ बेटावर पक्षी पाहायला आपण प्रथमच जात असाल, तर सोरोंग शहराहून बेटावरील वायसाई गावाला नेणाऱ्या फेरीबोटीला होणारा विलंब गृहीत धरून एक दिवस मोकळा ठेवावा. वायगेओ, बाटांटा या बेटांवरच आढळणारा विल्सन्स बर्ड ऑफ पॅरडाइज हा पक्षी जमिनीलगत नाचतो आणि नर आपले नाचाचे अंगण पानन्‌पान उचलून स्वच्छ ठेवतो. ते पाहायचे तर उजाडण्यापूर्वीच आडोशात जाऊन निश्चल बसावे लागते. त्याला खाली उतरवण्यासाठी अंगणात मुद्दाम पान टाकण्याची युक्ती मात्र मला मुळीच पसंत नाही. रेड बर्ड ऑफ पॅरडाइज उंच झाडांच्या शेंड्यांवर नाचत असल्याने त्याच्यासाठी वेगळी पहाट राखावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा. हिवतापाबाबत डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.