'अंदाज' आणि 'भाकीत' एक नव्हेत

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न: '२०५० साली विदर्भात पाऊस कसा असेल, याचं हवामान मॉडेलनं केलेलं भाकीत' या वाक्यात मॉडेलला प्रतिमान म्हणावं की प्रारूप?

मॉडेलच म्हणा. प्रारूप मतदार याद्यांच्या कामी लागलंय. खटकायला हवं ते 'भाकीत', आणि ते रोज कानावर आदळतं. भाकीत भेंडवळच्या घटमांडणीत होतं: अक्षय्य तृतीयेला वावरात घट मांडायचा, भोवती धान्य ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे बघून सांगायचं. तिथं जर-तर नाही. मॉडेल मात्र जर-तरवरच चालतं: कर्बवायू एवढा सुटला, तर तापमान एवढं वाढेल.

याला शब्द 'अंदाज'. पण तो उच्चारला की लोकांना 'अंदाजपंचे दाहोदरसे' आठवतं. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं. त्यातूनच गोलंदाज, तिरंदाज आणि बरकंदाज, म्हणजे वीज फेकणारा, बंदूकवाला शिपाई. एवढ्यावरून काही व्युत्पत्तीबहाद्दर अंदाजाला अंधारातला दगड ठरवून मोकळे होतात. आणखी एक पायरी मागं जायचा कंटाळा, दुसरं काय! मध्य फारसीत 'हंदाख्तन' म्हणजे आखणं, योजणं आणि 'हंदाजग' म्हणजे माप. हेच माप अरबीत जाऊन 'हंदसा' झालं, म्हणजे भूमिती; 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर! माझ्या मते क्रम असा: आधी माप, मग नेम, मग फेक. मराठीनं तो जुना अर्थ 'अंदाजपत्रका'त शाबूत ठेवलाय. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकाला भाकीत म्हणून बघा, ओव्हरसिअर अंगावर येईल.

आता हे माप विदर्भाला कितपत बसतं? मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करतं. जागतिक मॉडेलच्या एका चौकोनाची बाजू बहुधा १०० किलोमीटर किंवा त्याहून मोठी. म्हणजे निदान १०,००० चौरस किलोमीटर. अख्खा यवतमाळ जिल्हा १३,५८२. दारव्हा, दिग्रस, पुसद एकाच चौकोनात बसू शकतात आणि तिघांना पाऊस एकच. इकडे एका महसूल मंडळात झड लागते नि शेजारच्या मंडळात पऱ्हाटी सुकते. ढग चौकोनाहून लहान, म्हणून तो सूत्रानं धरावा लागतो. त्यामुळे तापमानाचा हिशेब बरा जमतो, पावसाचा कच्चा राहतो. बंगालच्या उपसागरातून आपल्याकडे येणारी कमी दाबाची क्षेत्रंही ढोबळ मॉडेलला नीट पकडता येत नाहीत. प्रादेशिक मॉडेलचे चौकोन २५ ते ५० किलोमीटरचे, पण कडेनं आत येणारी हवा ते जागतिक मॉडेलकडूनच उसनी घेतात, चुकांसकट. 'प्रादेशिक' शब्द छापून भाव खाणाऱ्यांनी हे उसनंही छापावं.