दुसरी ट्यूब इतक्यात पाठवत नाही

अरे बाळा,

तुझा मेसेज काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला, फोटो पण तिन्ही बघितले, झूम करून बघितले. "ताई जेलने तोंड अजून बिघडलं, ट्यूब संपली, दुसरी पाठव नाहीतर बंदच करतो" असं लिहिलंयस, आणि खाली लिहिलंयस की दोन दिवस भरतीच्या सरावाला ग्राउंडला गेला नाहीस कारण पोरं बघतात. ते वाचून मला झोप नाही लागली खरं सांगते. म्हणून आज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना बसून हे लिहितेय, लांबलचक होईल, पण पूर्ण वाच.

मला सगळ्यात आधी खटकली ती ट्यूब. १५ ग्रॅमची ट्यूब तुझ्या आईने माझ्याच मेडिकलमधून नेली, बिल माझ्याकडे आहे, आज बरोबर २२ दिवस झाले. पिंपल्सचं अडापलीन ०.१ टक्के जेल, डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक दिवसाआड रात्री लिहिलेलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेतलं तर रोज लावूनसुद्धा ती ट्यूब दीड महिना जाते, एक दिवसाआड लावली तर तीन महिने जायला पाहिजे. तुझी २२ दिवसात संपली. म्हणजे तू रोज लावतोयस, कदाचित दोन वेळा लावतोयस, आणि जिथे फोड तिथे ढीगच्या ढीग चोळतोयस. मी रागावत नाहीये, माझ्या काउंटरवर दहा पोरं येतात त्यातली सात-आठ हेच करतात, कारण आपल्याला वाटतं औषध आहे, जास्त लावलं की लवकर गुण येणार. या औषधाचं तसं नाहीये. जास्त लावलं तर फक्त जळजळ वाढते, गुण तेवढाच येतो आणि तो पण त्याच्या वेळेलाच येतो.

आता हे समजून घे की जेल करतं काय, कारण हे कळलं की तू घाबरणार नाहीस. आज तुझ्या गालावर जी पुटकुळी दिसतेय ती आज झालेली नाहीये. ती काही आठवड्यांपूर्वी आत सुरू झाली, छिद्राच्या आतली मेलेली कातडी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी तेलात चिकटून बसली, तिचं बूच झालं, बुचाच्या मागे तेल साचलं, मग जंतू वाढले, मग सूज आणि पू. बाहेरून तोंड एकदम साफ दिसत असतं तेव्हा सुद्धा आत अशी डोळ्याला न दिसणारी बारीक बुचं भरलेली असतात. तुझं हे अडापलीन रेटिनॉइड आहे, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध, ते पेशीच्या आत जाऊन तिची ही गळायची पद्धत सुधारतं, म्हणजे बूच बनूच देत नाही. म्हणून ते पिंपलवर ठिपका लावायचं औषध नाहीये, अख्ख्या तोंडाला पातळ लावायचं, जिथे पिंपल नाही तिथे पण. तू जो ठिपका ठिपका लावत होतास आणि जिथे मोठा फोड तिथे ढीग, त्याने त्या जागची कातडी सोलली आणि बाकीच्या तोंडाला काहीच मिळालं नाही.

आणि आत जी बुचं आधीपासून तयार बसलीयत ती पहिले काही आठवडे भराभर वर येतात. याला परजिंग म्हणतात, इंटरनेटवर तू वाचलंच असशील. सगळ्यांना होत नाही पण बऱ्याच जणांना होतं, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोर असतो आणि सहा आठवड्यांपर्यंत कमी होतं. तुझा तिसरा-चौथा आठवडा चाललाय. म्हणजे तू नेमका सगळ्यात वाईट ठिकाणी उभा आहेस आणि तिथूनच परत फिरायचं म्हणतोयस.

आमच्या गल्लीतली एक पोरगी आहे, नर्सिंग करते. तिने एका वर्षात तीन वेळा हेच जेल सुरू केलं आणि तीन वेळा तिसऱ्या आठवड्यात बंद केलं. दर वेळी मला म्हणायची ताई मला हे सूट होत नाही. म्हणजे बघ, त्या पोरीने तीन वेळा त्रास पूर्ण सोसला आणि फायदा एकदाही नाही घेतला. चौथ्यांदा मी तिला बसवून सांगितलं की आठवड्यातून दोनच रात्री लाव, सोमवार आणि गुरुवार, बाकी काही करू नकोस, आणि १२ आठवडे होईपर्यंत मला सूट होत नाही हा शब्द काढायचा नाही. दोन महिन्यांनी सुद्धा ती खूश नव्हती हं, म्हणायची थोडं कमी वाटतंय बस. तिसरा महिना संपताना आली तेव्हा कपाळ हाताला गुळगुळीत लागत होतं, स्वतःच माझा हात धरून कपाळाला लावला तिने. डॉक्टर पण १२ आठवड्यांच्या आधी निकाल लावत नाहीत ते यासाठीच.

पण एक गोष्ट आहे, तुझ्या फोटोत सगळंच परजिंग नाहीये. कपाळावर आणि हनुवटीवर जे आलंय ते तुला नेहमी येतं तिथेच आलंय, ते परजिंग. पण नाकाच्या दोन्ही कोपऱ्यात, तोंडाच्या कडेला आणि डोळ्याखाली जे लाल होऊन पापुद्रे निघतायत, ती जळालेली कातडी आहे, तो त्रास जास्त लावल्याचा आहे. दोन्ही एकदम झालंय म्हणून तुला वाटतंय सगळंच बिघडलं. आणि आपल्या सावळ्या कातडीचं असं असतं की नुसती जळजळ जास्त दिवस राहिली तरी तिचा काळा डाग मागे राहतो, पिंपल बरं होतं आणि डाग महिनोन्महिने राहतो. म्हणून हे सहन करत दामटायचं नाही, मर्दपणा दाखवायची ही जागा नाही.

तर आता काय करायचं. आजपासून पाच-सहा दिवस जेल बंद, पूर्ण बंद. सकाळी लावतोस ते पिंपल्सचं दुसरं औषध, बेन्झॉइल पेरॉक्साइड, ते पण बंद. फक्त साधा सौम्य फेसवॉश दोन वेळा आणि मॉइश्चरायझर. तू म्हणालास माझं तोंड आधीच तेलकट आहे मॉइश्चरायझर कशाला, तर तेल वेगळं आणि कातडीचा ओलावा वेगळा, तेलकट तोंड पण कोरडं पडतं, तुझं आत्ता तेच झालंय. जळजळ थांबली की पुन्हा सुरू, पण आठवड्यातून दोन रात्री. तोंड धुतलं की पुसून वीस मिनिटं तसंच सोड, ओल्या तोंडावर लावलं की जास्त झोंबतं. नाकाच्या कोपऱ्यांना आणि ओठांच्या कडेला आधी थोडी पेट्रोलियम जेली लाव म्हणजे जेल तिकडे सरकून साचत नाही. मग मॉइश्चरायझर, त्यावर एक हरभऱ्याएवढं जेल पूर्ण तोंडाला, डोळे सोडून, आणि झोंबत असेल तर वरून परत मॉइश्चरायझर. यात औषध वाया जात नाही. तीन आठवडे दोन रात्री नीट पचलं की एक दिवसाआड, आणि मग पुढे रोज, तेही पचलं तर. दाढी करशील त्या दिवशी रात्री लावू नकोस. सकाळचं बेन्झॉइल नंतर महिन्याभराने परत घेऊ, आधी डॉक्टरांना फोटो दाखव, आणि हो त्याने टॉवेल आणि उशीच्या खोळीचा रंग उडतो, रूममेटच्या टॉवेलला तोंड पुसू नकोस उगाच भांडण.

ग्राउंडचं सांगते. पाच वाजता जातोस तेव्हा अंधारच असतो पण गोळाफेक आणि १६०० मीटर होईपर्यंत आठ वाजतात आणि ऊन चढलेलं असतं. मधल्या ब्रेकमध्ये तोंड धुऊन सनस्क्रीन लाव, एसपीएफ ३० च्या वरचं, जेल टाइपचं घे, दोन बोटं भरून. घामाने जातं मान्य आहे, तरी लाव. आमच्याकडे एक एसटी कंडक्टर येतात, त्यांनी सगळं नीट केलं, जेल बरोबर लावलं, फक्त सनस्क्रीन बायका लावतात म्हणून लावलं नाही, पिंपल गेले पण काळे डाग दीड वर्ष गेले नाहीत. आणि टोपी. ती घामट टोपी चार-चार दिवस न धुता घालतोस ना, कपाळाच्या रेषेवर जी ओळ उठलीय ती तिथेच उठलीय बघ. केसांना तेल लावून झोपायचं पण थांबव काही दिवस. व्हे प्रोटीन घेतोस का मला सांग, काही जणांना त्याने पिंपल्स वाढतात, महिनाभर सोडून बघायला हरकत नाही, अंडी आणि डाळ खा त्याऐवजी. आणि जिममधला कोणी अंग भरायचं इंजेक्शन देतो म्हणाला तर तिथून निघून ये, त्याने येणारे पिंपल्स छाती-पाठ भरून येतात, आणि पिंपल्स हा तर त्यातला सगळ्यात छोटा त्रास आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाच. तू लिहिलंयस की रूममेटने एक क्रीम दिलीय, "तीन दिवसात क्लियर", आणि त्यातही ट्रेटिनॉइन आहे म्हणजे रेटिनॉइडच आहे ना. हो आहे. ट्रेटिनॉइन हे जुनं आणि चांगलं औषध आहे, अमेरिकेत १९७१ पासून पिंपल्ससाठी वापरतात. पण तुझ्या रूममेटच्या ट्यूबवर अजून दोन नावं असतील बघ, हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. तीन दिवसात क्लियर होतं ते त्याच्यामुळे, ते सूज दाबतं, लाली दाबतं, तोंड उजळ दिसतं. ती क्रीम काळ्या वांगासाठी डॉक्टर मोजून थोडे आठवडे देतात, पिंपल्ससाठी नाहीच.

मला हे पुस्तकातून माहिती नाहीये. मी बारावीत होते, तोंड भरलेलं होतं, एका मेडिकलवाल्याने मला असलीच क्रीम हातात दिली, चिठ्ठी विचारली नाही काही नाही. चौथ्या दिवशी आरशात बघून मी रडले होते आनंदाने. पाच महिने लावली. मग गाल लाल राहायला लागले, कातडी कागदासारखी पातळ, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, गालावर लव वाढली, उन्हात पाच मिनिटं उभं राहवेना. आणि बंद केली की तीन दिवसात आधीपेक्षा दुप्पट पिंपल्स, म्हणून परत लावायची. ते चक्र सोडवायला मला एक चांगल्या बाई डॉक्टर भेटल्या, तरी वर्ष गेलं. माझं बारावीचं पूर्ण वर्ष मी ओढणीने तोंड झाकून काढलं. मी फार्मसीला गेले त्याला हे एक कारण आहे, आणि माझ्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय ती ट्यूब आजपर्यंत एकदाही गेली नाही, गिऱ्हाईक ओरडून दुसरीकडे जातं, जाऊ दे. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली तरी मिळतात अजून, हे मला माहितीय. तू ती लावली असशील एक-दोनदा तरी मला सांग, लपवू नकोस. रोज बरेच दिवस लावली असशील तर एकदम सोडायच्या आधी डॉक्टरांना भेट, कशी सोडायची ते सांगतील.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, स्क्रब यातलं काहीही तोंडाला लावायचं नाही. पिंपल फोडायचे नाहीत. डाग आणि खड्डे यातला फरक पण लक्षात ठेव, सपाट काळे-लाल डाग वेळेने जातात, खड्डे जेलने भरून येत नाहीत, म्हणून खड्डे पडू न देणं हेच काम. तुझ्या जबड्याच्या डाव्या बाजूला जे दोन खोल, दुखरे, घट्ट गोळे आहेत त्यावर मी जेलच्या भरवशावर बसणार नाही. तशा गाठी अजून वाढल्या तर बारा आठवडे थांबायचं नाही, स्किनच्या डॉक्टरकडे जायचं, त्यासाठी गोळ्या असतात आणि त्या रक्त तपासून, लक्ष ठेवून देतात. पोटात घ्यायच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून स्वतः सुरू करायच्या नाहीत.

तुझी बहीण पण हेच जेल मागत होती म्हणून आई म्हणाली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आत्ता नको, हळदीच्या दिवशी तोंड सोललेलं असेल. आणि लग्नानंतर बाळाचा विचार असेल तर हे लावायचंच नाही, दिवस राहिलेले असताना रेटिनॉइड टाळतात. तिला माझ्याकडे पाठव, मी बोलते.

ग्राउंडला मात्र उद्या जा. पोरं बघतात लिहिलंयस, त्यातल्या निम्म्यांच्या आया माझ्याकडे पोरासाठी हीच ट्यूब मागायला येतात, नावं मी सांगणार नाही. दोन दिवस गेले ते गेले, तिसरा दिवस घालवू नकोस, भरतीची तारीख तुझ्या तोंडासाठी थांबणार नाही.

उद्या सकाळच्या एसटीने आईचा डबा येतोय, ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे, त्यात खाली पिशवीत मॉइश्चरायझरची बाटली आणि सनस्क्रीन ठेवलंय. पैसे आईकडून घेतले नाहीत, तू पण विचारू नकोस. जेलची ट्यूब ठेवलेली नाही. जुनी ट्यूब मागून गुंडाळून दाब, दोन आठवड्यांचं अजून निघेल त्यातून. दर रविवारी सकाळी खिडकीपाशी, त्याच उजेडात, त्याच बाजूने एक फोटो काढून मला पाठवायचा, आणि रोज आरशात मोजत बसायचं नाही. पहिला फोटो या रविवारी.

तुझी ताई